कुळ्याच्या रानातून दूधसागराकडे

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पावसाळ्यात धबधब्यांना तोटा नसतो. आंबोलीपासून अनमोडपर्यंत घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेले असतात. तथापि दूधसागर या नावाभोवती जे कुतूहल आहे, ते दुसऱ्या कोणत्याही प्रपाताच्या वाट्यास आलेले नाही. गोवा आणि कर्नाटक यांच्या सीमेवर, गर्द अरण्यात, सुमारे 310 मीटर म्हणजे हजार फुटांहून अधिक उंचीवरून हे पाणी चार टप्प्यांनी खाली येते. सरासरी तीस मीटर रुंदीचा तो शुभ्र पट लांबून पाहिला म्हणजे नाव ठेवणाऱ्याने काही अतिशयोक्ती केली नाही, अशी खात्री पटते. स्नान करणाऱ्या एका राजकन्येने परक्या पुरुषाची नजर पडताच आपल्या घागरीतील दूध ओतून त्याचा पडदा केला, आणि तोच हा दूधसागर, अशी लोककथा या भागात सांगतात. लज्जेचे रक्षण करणारी ही कथा सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या मनाचे सौंदर्य तीत दिसते, म्हणून ती येथे नोंदविली.

आमच्या सीमाभागातील वडीलधाऱ्यांना हा प्रपात परका नाही. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे घाट उतरणारी आगगाडी त्याच्या अगदी समोरच्या पुलावरून जाते. मुरगाव बंदर ब्रिटिश मुलुखाशी जोडण्यासाठी 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, आणि इंग्रज कंपनीने बांधलेला हा मार्ग 1888 साली कॅसलरॉकपर्यंत पोहोचला. या घाटास ब्रागांझा घाट म्हणतात. ब्रागांझा हे पोर्तुगालच्या त्या वेळच्या राजघराण्याचे नाव. कॅसलरॉक ते कुळे या सव्वीस किलोमीटरांत चढ इतका तीव्र आहे की, दर सदतीस फूट अंतरास एक फूट उंची चढावी लागते, आणि म्हणून गाडीस मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने जोडतात. पोटापाण्यासाठी मुंबईस निघालेल्या गोमंतकीयांच्या कित्येक पिढ्या याच रुळांवरून गेल्या. 1961 साली गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक आणि कुळे ही दोन राज्यसत्तांच्या वेशीवरची स्थानके होती, आणि ट्रंकांची जकात-तपासणी तेथे होत असे. पुढे 1990 नंतरच्या दशकात या मार्गाचे रुंदीकरण झाले. 2013 साली एका लोकप्रिय हिंदी चित्रपटात हा पूल आणि हा प्रपात झळकला, आणि तेव्हापासून तर तरुणांची येथे रीघ लागली आहे.

या रिघेमुळेच आमच्या धर्मग्रामात गेल्या जुलै महिन्यात एक प्रश्न उभा राहिला. आमच्या युवक मंडळाच्या मुलांनी भर पावसात दूधसागरास जाण्याचा बेत केला. कुळ्यापर्यंत आगगाडीने जावे, आणि तेथून रुळांवरून चालत प्रपात गाठावा, अशी त्यांची योजना होती. पाण्याचा खरा जोर पावसातच पाहावा, हे त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण या मार्गावर बोगदे आहेत, वळणे आहेत, धुक्यात समोरून येणारी गाडी दिसत नाही, आणि पाण्याच्या गर्जनेत तिची शिट्टीही ऐकू येत नाही. रुळांवरून चालणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि 2023 सालच्या पावसाळ्यात अशा शेकडो तरुणांना पोलिसांनी तेथून माघारी धाडले होते. आम्ही मुलांना बोलावून एवढेच विचारले, ‘तुमच्यापैकी एकाला जरी काही झाले, तर त्याच्या आईस निरोप सांगण्यास कोण जाणार?’ कोणी उत्तर दिले नाही. मग असे ठरले की, पाऊस ओसरल्यावर मुलांनी एकट्याने न जाता घरच्या मंडळींस बरोबर घेऊन, रीतसर मार्गदर्शकांच्या सोबतीने जावे. नोव्हेंबरात आम्ही एकवीस जण निघालो. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या दोन आजी होत्या, आणि दुसरीत शिकणारी तीन मुले होती.

कुळे हे धारबांदोडा तालुक्यातील लहानसे गाव. पावसाळ्याचे महिने बंद असलेली जीपगाड्यांची फेरी साधारण ऑक्टोबरात पुन्हा सुरू होते. एका जीपमध्ये सात प्रवासी, असा नियम असल्यामुळे आमच्या वाट्यास तीन गाड्या आल्या. प्रत्येकास तरंगण्याचे जाकीट घ्यावेच लागते. वनखात्याच्या नाक्यावर पिशव्या तपासतात. दारू आणि प्लास्टिकचा कचरा होईल अशा वस्तू आत नेता येत नाहीत. एका आजींनी घरून आणलेल्या भाकऱ्या केळीच्या पानात बांधल्या होत्या. तपासणाऱ्या रक्षकाने ते पाहून हसत हात जोडले, तेव्हा त्यांना झालेला आनंद प्रपात पाहून झालेल्या आनंदापेक्षा कमी नसावा.

येथून सुमारे दहा-बारा किलोमीटरांची वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते. 1969 साली घोषित झालेल्या या अभयारण्याचा विस्तार सुमारे 240 चौरस किलोमीटर असून, त्यापैकी 107 चौरस किलोमीटरांचा गाभा मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. वाट कसली, दगडधोंड्यांची चाकोरीच ती! जीप नदीचे पात्र ओलांडते तेव्हा पाणी चाकांवर येते आणि मुले आरडाओरडा करतात. आमच्या गाडीचा चालक कुळ्याचाच, पन्नाशीचा गृहस्थ. त्याने गाडी थांबवून मागे वळून पाहिले आणि आपल्या कोंकणी वळणाच्या मराठीत म्हटले, ‘फादर, पाण्यात ओरडू दे पोरांना. पण पुढे झाडी लागली की गप्प बसायला सांगा. आवाज झाला की काही दिसायचे नाही, मग मला दोष देऊ नका.’

मुले खरोखरच गप्प बसली, आणि त्याचे फळ लगेच मिळाले. उंच ऐनाच्या फांदीवर एक शेकरू दिसले. तांबूस-काळपट अंग, पिवळसर पोट, आणि अंगापेक्षा लांब झुबकेदार शेपूट. महाराष्ट्राने ज्यास आपला राज्यप्राणी मानले आहे, ते हेच. ते खाली क्वचितच उतरते आणि एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेत आपला संसार चालवते. म्हणून फांद्यांची सलग छत्री तुटली की त्याची वाटच तुटते.  ज्या ऐनावर ते बसले होते, त्याच्या खोडाची भेगाळलेली साल पाहून एका मुलाने ती मगरीच्या पाठीसारखी असल्याचे सांगितले, ते आम्हांस पटले.

पुढे एका ओहोळापाशी चालकाने चिखलातील खुरांचे ठसे दाखविले. ते गव्याचे होते. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, आणि गुडघ्यांखालचे त्याचे पाय मोजे घातल्यासारखे पांढरे असतात. आमच्या खानापूर भागातील शेतकऱ्यांस तो रात्री भातात शिरणारा शत्रू म्हणून ठाऊक आहे. त्याच्या घरी पाहुणे म्हणून आल्यावर मात्र नुसते ठसे पाहूनही आमच्या मंडळींचे आवाज आपोआप खाली आले. या रानात बिबट्या आहे, सांबर, भेकर, खवल्या मांजर आहे, रात्री हिंडणारी मोठ्या डोळ्यांची लाजवंती आहे, आणि सापांचा राजा नागराजही आहे. दोन तासांच्या फेरीत ते सर्व दिसावेत अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. दिवसा ते माणसांपासून दूर राहतात.

पक्ष्यांनी मात्र आम्हांस निराश केले नाही. झाडांच्या शेंड्यांवरून भाता चालावा तसा आवाज करीत धनेशांची एक जोडी गेली. या पक्ष्याची कौटुंबिक रीत चालकाने सांगितली, ती आमच्या घरोघरी सांगण्याजोगी आहे. विणीच्या हंगामात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. केवळ चोच बाहेर येईल एवढी चीर ठेवतात. त्यानंतर कित्येक आठवडे नर रानभर हिंडून फळे गोळा करतो आणि त्या चिरेतून तिला व पुढे पिल्लांना भरवतो. तो मारला गेला तर ढोलीतील जीवांवर उपासमारीची पाळी येते. खाल्लेल्या फळांच्या बिया तो दूरवर टाकतो आणि त्यातून नवे वृक्ष उगवतात. अशा रीतीने आपल्या घरासाठी राबता राबता तो साऱ्या रानाचीही सेवा करतो. हे ऐकून एका आजींनी आपल्या मुलाकडे पाहिले. हा गृहस्थ वर्षातील दहा महिने आखाती देशात नोकरीस असतो. तो काही बोलला नाही. पण बराच वेळ त्याच झाडांकडे पाहत राहिला.

गाड्या थांबतात तेथून खडकांवरून थोडे अंतर पायी जावे लागते. प्रथम गर्जना ऐकू येते, मग तोंडावर तुषार येतात, आणि झाडी सरताच तो पांढरा प्रवाह आभाळातून कोसळताना दिसतो. मधोमध रेल्वेचा कमानींचा पूल. त्यावरून जाणारी गाडी मुलांच्या खेळण्यातील वाटावी, एवढा हा प्रपात थोर. पाण्याच्या आवाजात शीळकरी कस्तूर पक्ष्याची शीळ मधूनमधून ऐकू येत होती. शाळा चुकवून भटकणाऱ्या पोराने वाजवावी तशी ती शीळ आहे. कोणी काही बोलत नव्हते. परमेश्वराची थोरवी सांगण्यास तेथे प्रवचनाची गरज नव्हती, आणि आम्ही ते केलेही नाही.

पायथ्याच्या डोहात स्नान करता येते. पण जाकीट घालून, आणि रक्षक सांगेल तेवढ्याच भागात. हे पाणी थंड आणि खोल आहे, दगड शेवाळाने निसरडे आहेत, आणि येथे माणसे बुडालेली आहेत. आमच्या एका तरुणाने पोहता येते म्हणून जाकीट काढले, तेव्हा आमच्या आधी त्या चालकानेच त्यास हाक मारून बाहेर बोलाविले. तेथे वानरेही पुष्कळ. त्यांना खाणे देऊ नये, हा नियम मोडणारे प्रवासी आम्ही पाहिले, आणि त्यांच्या हातांतील पिशव्या वानरांनी हिसकावून नेलेल्याही पाहिल्या.

परतताना चालकाने आपली हकीकत सांगितली. एके काळी तो खनिजाचा ट्रक चालवीत असे. 2012 साली गोव्यातील खाणी बंद झाल्या, आणि पुन्हा 2018 साली. ट्रक विकावा लागला. आता वर्षातील सात-आठ महिने ही जीपच त्याचे घर चालवते. ‘पूर्वी डोंगर खणून पोट भरायचो,’ तो म्हणाला, ‘आता डोंगर उभा राहिला तरच पोट भरते.’ असे असूनही जीपच्या फेऱ्यांनी नदीचे पात्र आणि रानाची शांतता बिघडते, हे त्यास मान्य होते. गाड्यांची संख्या बांधलेली आहे ती त्यासाठीच, आणि तिचे पालन झाले पाहिजे, असे त्याचे म्हणणे पडले.

याच रानातून दुसरा लोहमार्ग टाकण्याची योजना होती, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस आठवत असेल. वाहतूक वाढते आहे, घाटात एकच मार्ग पुरत नाही, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद होता. रानाचे तुकडे पडतील आणि मुख्यतः कोळसा वाहून नेला जाईल, असा विरोधकांचा. 2020 साली, 1 नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चांदर गावी रुळांजवळ हजारो लोक जमले. त्यांत आपल्यासारखीच गावोगावची कुटुंबे होती. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या भागातील दुपदरीकरणास दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तथापि पूर्ण अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची मुभा न्यायालयाने ठेवली आहे. तेव्हा हा प्रश्न कायमचा मिटला, असे कोणी समजू नये.

ज्या वाचकांस जावयाचे असेल, त्यांनी पावसाळा संपल्यावर, शक्यतो शनिवार-रविवार सोडून, सकाळी लवकर कुळ्यास पोहोचावे. पायात न घसरणारी पादत्राणे असावीत. शिदोरी पानात वा डब्यात न्यावी आणि उष्टे-खरकटे परत आणावे. मुलांस आधीच सांगून ठेवावे की रानात हळू बोलायचे असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खडकांच्या वाटेवर कोणाचा तरी हात धरावा. आमच्या दोन्ही आजी अशाच पोहोचल्या.

आणखी एक गोष्ट. दूधसागराचे पाणी डोहातून निघते ते खांडेपार नदीत जाते, आणि तेथून मांडवीस मिळते. खांडेपारच्या काठी ओपा येथे ते उचलून शुद्ध करतात, आणि फोंडा व तिसवाडी तालुक्यांतील घरांच्या नळांना पुरवितात. पणजीत सकाळी जी माउली चहाचे आधण ठेवते, तिच्या भांड्यात याच रानाने धरून ठेवलेला पाऊस असतो. तिने दूधसागर कधी पाहिला नसेल. ते रान मात्र तिच्याही घरचे आहे.