उतारावरचा धूर

धूर पाहून गाडीचा रोग सांगणारे हकीम नाशिकच्या द्वारका भागात पुष्कळ. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, पांढरा म्हणजे पाणी, निळा म्हणजे ऑइल जळते, इथवर सगळ्यांचे एकमत. वाद निळ्यावर होतो. ऑइल खालून, पिस्टनच्या रिंगांकडून चढते, की वरून, वॉलच्या दांडीवरून झिरपते? खालून असेल तर सगळे इंजिन खोला. वरून असेल तर बोटाच्या पेराएवढ्या रबरी सीलवर भागते. गिऱ्हाइकाला दोन्हीतले काही दिसत नाही. त्याचा महिन्याचा घरखर्च आम्हा मिस्त्री लोकांच्या जिभेवर असतो.

आमच्या उस्तादांची परीक्षा कसारा घाटात व्हायची. "चढते बखत धुआँ तो रिंग, उतरके रेस दिये पे धुआँ तो सील," असे ते म्हणत. पेट्रोल गाडी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून घाट उतरते तेव्हा इनटेकमध्ये ओढ निर्माण होते. सील कडक झालेले असले की ती ओढ गाइडमधून ऑइल खेचते. खाली कसाऱ्याला रेस दिली की निळा लोट उठतो. सकाळी पहिल्या स्टार्टला धूर देऊन मग गाडी साफ चालणे, हीदेखील त्याच दुखण्याची खूण. तरी एवढ्यावर आम्ही हात घालत नाही. आधी कॉम्प्रेशन मोजतो. कमी आले तर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आकडा चढला तर दोष रिंगांचा.

वाडीवऱ्हेच्या एका ड्रायव्हरला दुसरीकडे पूर्ण इंजिनाचा खर्च सांगितला होता. बायकोची पोत गहाण टाकायच्या तयारीने तो आमच्याकडे आला. "चाचा, एकदा तुम्हीही बघा." कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचे उत्तम होते. हेड उतरवले, वॉल काढून पुठ्ठ्याच्या भोकांत क्रमाने खोचले, कारण ज्याचा गाइड त्यालाच परत मिळाला पाहिजे. मग दांडी गाइडमध्ये हलवून पाहिली. इथे खरी मेख आहे. गाइड झिजला असेल तर दांडी डुलते आणि नव्या सीलची ओठाळी थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. नुसते सील बदलून पैसे घेणे सोपे. धूर परत येतो तेव्हा गिऱ्हाईक नशिबाला दोष देते. त्याचे दोन गाइड गेले होते. ते लेथवाल्याकडून बदलून घेतले.

सीट घासल्यावर पेस्टचा कणही राहता कामा नये, म्हणून धुलाईत आम्ही कंजुषी करत नाही. पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवायचे. खाली पाझरले नाही तर सीट बसली. स्प्रिंगखालचे वॉशर सीलच्या आधी, हे विसरणाऱ्याला सगळे पुन्हा खोलावे लागते. वॉल घातला की दांडीच्या टोकाला, लॉकच्या खाचांवर, पातळ नळी चढवायची. त्या खाचांची धार नव्या सीलला ब्लेडसारखी चिरते आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. उस्ताद त्यासाठी उसाच्या रसाच्या गाड्यावरची स्ट्रॉ कापून ठेवत. आता चांगल्या किटमध्ये टोपी येते. दांडीला ऑइल, मग मापाच्या पान्याने सील सरळ दाबायचे. हातोडी नाही. स्प्रिंग दाबून दोन अर्धगोल लॉक ग्रीसने चिकटवायचे, स्प्रिंग हळू सोडायची. जुम्म्याची अजान जवळ आली असेल तर आम्ही हे काम सुरूच करत नाही. निसटलेले लॉक घाई ओळखते.

पूर्वी पेट्रोलमधले शिसे वॉलच्या सीटला राखायचे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते हवेसाठी चांगलेच झाले. मऊ सीटांची जुनी हेडे मात्र त्यानंतर जास्त जपावी लागली. आता सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. जळलेले ऑइल त्यालाही खराब करते, आणि त्याची किंमत ऐकून माणूस खालीच बसतो.

वाडीवऱ्हेवाल्याची जुनी सीले आम्ही काडेपेटीत घालून त्याच्या हातात दिली. रबर कसले, नखाने वाजत होती. त्याने एक दाबून पाहिले, ते तुटले. "एवढ्यासाठी?" म्हणाला, आणि गाइडचे पैसे वेगळे किती ते विचारू लागला.