अर्धी दाढी

वीज मंडळात मी ३२ वर्षं काढली, पण बिलिंगला. हा फरक आमच्या नातेवाइकांच्या डोक्यात कधी शिरला नाही. कुणाची ट्यूब लुकलुकली की फोन मला. मीही 'स्टार्टर फिरवून बघा' असं ठोकून द्यायचो आणि बहुतेकदा तेवढ्यानं भागायचं. त्यामुळे २०११च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला निघालो, तेव्हा चार्जरची पिशवी भरायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

तयारी म्हणजे काय, तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून चार अडॅप्टर आणले. एका बाजूनं आपल्या गोल पिना आत, दुसऱ्या बाजूनं अमेरिकेच्या दोन चपट्या पिना बाहेर. विकणारा त्याला 'कन्व्हर्टर' म्हणाला, म्हणून मीही तेच म्हणत राहिलो. तो फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेजला हातही लावत नाही, एवढं बिलिंगवाल्याला कळायला हरकत नव्हती.

एडिसन गावी पोचल्यावर पहिला घोळ बटणाचा झाला. तिकडे भिंतीतल्या प्लगशेजारी बटणच नाही. खोचलं की चालू, उपसलं की बंद. माझा हात उगाच भिंत चाचपत राहायचा. ओट्याजवळच्या प्लगवर मात्र दोन बारकी बटणं दिसली. हायसं वाटून त्यातलं एक दाबलं, तर जावयांची कॉफी अर्ध्यात थांबली. करंट गळला तर वीज तोडणाऱ्या यंत्रणेचं ते तपासणीचं बटण होतं.

फोन चार्ज झाला, कॅमेऱ्याची बॅटरीही झाली. माझी छाती फुगली. दाढीचं मशीनही रात्रभर लावून ठेवलं. त्याचा चार्जर म्हणजे मुठीएवढा काळा ठोकळा, चांगला वजनदार. वजनदार वस्तू भरवशाची, अशी आमच्या पिढीची समजूत. तिसऱ्या दिवशी सकाळी डावा गाल झाला, हनुवटीपाशी मशीन कण्हलं आणि गप्प झालं. अकरा वाजता शेजारच्या मराठी कुटुंबाकडे सत्यनारायण. परत लावलं, वीस मिनिटं थांबलो, काही नाही. हिनं आत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता जावयांचं रेझर आणून दिलं. पूजेला गेलो तेव्हा डाव्या गालावर मशीनची दाढी होती आणि उजव्या गालावर रक्त.

संध्याकाळी जावयांनी भिंग आणलं आणि पिशवी टेबलावर उपडी केली. "बाबा, मागचं वाचा." फोनच्या चार्जरवर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं : इनपुट १०० ते २४०, ५०/६० हर्ट्झ. कॅमेऱ्याच्याही. काळ्या ठोकळ्यावर मात्र नुसतंच २३०. आणि तिकडच्या भिंतीत १२०.

फोनचा चार्जर हलका असतो कारण तो हुशार असतो. आलेली वीज आधी एकदिश करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिची चालू-बंद करत बॅटरीला लागेल तेवढीच पुढे सोडतो. बाहेर दाब कमी असला तर जास्त वेळ चालू, जास्त असला तर कमी वेळ. ठोकळ्यात असलं काही नाही. आत लोखंडी पत्र्यांवर तांब्याच्या तारेचे वेढे, त्यांचं प्रमाण कायमचं ठरलेलं. २३० दिले तर ४ व्होल्ट, १२० दिले तर जेमतेम २. माझ्या मशीनमधल्या दोन सेलांना मिळून २.४ लागायचे. सोसायटीत पंपाचा दाब पडला की गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नाही, तसंच हे. मी रात्रभर पंप चालू ठेवून झोपलो होतो, एवढंच.

रविवारी जावयांनी मेन्लो पार्कचा मनोरा दाखवला. थॉमस एडिसननं १८७९ साली ज्या ठिकाणी दिव्यावर प्रयोग केले, तिथेच तो उभा आहे, माथ्यावर काचेचा अवाढव्य दिवा घेऊन. गावानं त्याचं नाव घेतलं १९५४ साली. १८८२मध्ये त्यानं न्यूयॉर्कला पहिलं वीजकेंद्र काढलं ते ११० व्होल्टचं, त्याच्या कार्बनच्या तारेच्या दिव्यांना मानवेल असं. पुढे युरोपात दाब वाढला, अमेरिकेत तो फारसा हललाच नाही. म्हणजे माझ्या अर्ध्या दाढीचा मूळ पुरुष हा. मी फोटो काढून घेतला.

घरी येताना मला आमच्या ऑफिसातले एक साहेब आठवले. त्यांच्या भावानं १९८४ साली अमेरिकेहून घड्याळाचा रेडिओ आणला होता. साहेबांनी हौसेनं स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर करून घेतला, व्होल्टेज चोख उतरवलं. रेडिओ झकास लागला. घड्याळ मात्र दर तासाला दहा मिनिटं मागे. ते विजेच्या ६० हेलकाव्यांचा एक सेकंद धरायचं, आणि आपली वीज हेलकावे देते सेकंदाला ५०. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, हेलकावे बदलत नाही. साहेब रोज सकाळी काटे पुढे करून ऑफिसला यायचे, तरी उशिराच.

एवढं सगळं कळल्यावर मी पुढची चूक करावी, याला काय म्हणायचं? निघताना लेकीनं दाढीचं नवं मशीन दिलं. त्याचाही ठोकळाच, पण नवा आणि चकचकीत. पुण्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी, भिंग कपाटात आणि चष्मा कपाळावर अशा अवस्थेत, तो न्हाणीघराबाहेरच्या प्लगात लावला. चपट्या पिना बसल्या, बटण दाबलं. भुंग्यासारखा एक जाड आवाज आला आणि चार-पाच सेकंदांत जळक्या वार्निशचा वास. १२०च्या वेढ्यांना २३० पाजले होते. जाताना नुसती उपासमार झाली होती, येताना जीवच गेला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, काय जळतंय?" "काही नाही," मी म्हणालो. वास जिन्यापर्यंत गेला होता.

मशीन वाचलं होतं, चार्जर तेवढा गेला. तो घेऊन परत तपकीर गल्लीत. दुकानातल्या पोरानं ठोकळा हातात घेतला, पिनांकडे न बघता उलटा केला, आउटपुटची अक्षरं वाचली आणि मागच्या खोक्यातून तेवढ्याच व्होल्टचा एक हलका चार्जर काढून दिला. मशीनचा दिवा तिथेच पेटवून दाखवला.

"अमेरिका ना, काका?"

मी मान हलवली. त्यानं गल्ल्याखालचा ड्रॉवर ओढला. आत दहा-बारा काळे ठोकळे पडले होते, सगळे चपट्या पिनांचे. त्यात माझा टाकून त्यानं ड्रॉवर पायानं बंद केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.