ओला पंचा

आमच्या अकोल्याच्या उन्हाची कीर्ती मी काय सांगावी! गेल्या मे महिन्यात धावण्याचा सराव करताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबांनी मला कडुनिंबाखाली बसवले, माठातल्या पाण्यात पंचा भिजवून मानेवर टाकला आणि टोपीने वारा घातला. थोड्या वेळाने जिवात जीव आला. बाबा म्हणाले, "माठ पाझरतो म्हणून गार राहतो. माणसाचेही तसेच."

शास्त्र सांगते, अंगावरचे एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेते. घामाचे काम तेच; ओला पंचा त्याला हातभार लावतो.

पुढे स्पर्धेसाठी मुंबईला गेलो. गळ्यात तोच पंचा होता. पण तिथल्या दमट हवेत तो वाळेना आणि मीही निवेना. डोके गरगरू लागले तशी शर्यत अर्ध्यावर सोडली. घरी परतताना मान खाली होती.

"पंचा वाळत नाही म्हटल्यावर थांबलास, बरे केलेस," एवढेच बोलून बाबांनी तो धुऊन दोरीवर टाकला. अकोल्याच्या उन्हात तो बघता बघता कडकडीत वाळला.