तबकडी वाचणारे यंत्र

जुने रेकॉर्ड प्लेअर, व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांतले स्पीकर यांचा नाद आम्हां दोघांना विद्यार्थिदशेपासून आहे. येरवड्याच्या आमच्या घरात पुस्तकांइतकीच जागा या यंत्रांनी व्यापली आहे. ‘जुन्याचा गोडवा नव्याला नाही’ असे येणारेजाणारे म्हणतात, तेव्हा आम्ही मान डोलावत नाही. सीडीचा आवाका तत्त्वतः सुमारे ९६ डेसिबल, लाँगप्लेचा साधारण ६० ते ७०. खरखर, मोटरची घरघर, सुईची झीज हे दोषच आहेत. मग ही यंत्रे जपायची कशासाठी?

आमचे उत्तर मोडी लिपीपासून सुरू होते. दफ्तरातले रुमाल कितीही निगुतीने ठेवले, तरी मोडी वाचणारा उरला नाही तर ते नुसते कागद. तबकडीचेही तसेच. तिच्या खोबणीत गाणे जसेच्या तसे नसते. खर्जातल्या ध्वनींनी खोबण फार रुंदावते, म्हणून मुद्रणाच्या वेळी ते दाबतात. वरचे ध्वनी खरखरीत बुडू नयेत म्हणून ते उचलून धरतात. वाजवताना अॅम्प्लिफायर हा फरक उलटवून मूळ तोल परत आणतो. या दाबण्या-उचलण्याचे सर्वमान्य प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेत ठरले. त्याआधी कंपनीगणिक रीत निराळी होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, लाँगप्लेला त्याहून कितीतरी बारीक. सुरुवातीच्या अनेक तबकड्या तर नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्याच. वेग चुकला की गायकाचा षड्जच सरकतो. तबकडी ही पोथी मानली, तर यंत्र हा तिचा वाचक आहे. वाचक अडाणी असेल तर पाठ भ्रष्ट होतो.

‘एकदा संगणकावर उतरवून घेतले की झाले,’ असे आमचे विद्यार्थी म्हणतात. उतरवावेच, पण उतरवणारा हा लेखनिक असतो, आणि काय ठेवायचे, काय गाळायचे हे लेखनिक ठरवतो. १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत पुकारत. तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू. उद्या कोणी ‘हे काही संगीत नव्हे’ म्हणून तेवढा तुकडा कापला, तर एका व्यवहाराचा इतिहासच पुसला जाईल. अशा वेळी मूळ तबकडीकडे परतता आले पाहिजे, आणि ती वाचणारे यंत्र चालू पाहिजे.

हा विचार पक्का होण्यास येरवड्याचा शेजारही कारण आहे. इथल्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम चालू आहे. सुमारे १,५०० ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या त्यासाठी जमवल्या गेल्या. कोशाचे खंड छापले म्हणून चिठ्ठ्या कोणी रद्दीत घालत नाही. एखाद्या अर्थाविषयी शंका आली, तर त्यांच्याकडेच वळावे लागते.

यंत्रांचे आयुष्य मात्र चिठ्ठ्यांइतके लांब नाही. रबरी पट्टे सैलावतात, कॅपॅसिटर सुकतात, स्पीकरच्या कडांचा फोम भुगा होऊन गळतो. आमची यंत्रे दुरुस्त करणारे गृहस्थ आता सत्तरीपार गेले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नाही. पट्टा बदलणे, सुईचा भार तोलणे एवढे आम्ही त्यांच्याजवळ बसून शिकलो. व्हॉल्व्हची विद्या त्यांच्यापाशीच आहे.

म्हणून सहअध्यापकांपुढे एक सूचना ठेवतो. नाट्यपदे आपण छापील पुस्तकावरून शिकवतो. बालगंधर्व कोणत्या अक्षरावर रेंगाळले, कोणता शब्द त्यांनी हलकेच सोडून दिला, हाही त्या पदाच्या पाठाचाच भाग नव्हे काय? मराठी विभागात हस्तलिखितांसाठी एक कपाट आपण राखतोच. त्याच्या शेजारी चालू स्थितीतला एक रेकॉर्ड प्लेअर असावा, आणि दर वर्षी दोन विद्यार्थ्यांना तो उघडून, पुसून, पुन्हा जोडता यावा.