कॉम्प्युटरची भाषा कुणाच्या बापाची?

आमच्या ऑफिसात बातम्या लिनक्सच्या जुन्या मशीनवर टाईप होतात आणि पान विंडोजवर लागतं. फाईल शेअर फोल्डरमधून इकडून तिकडे जाते. त्यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. विशेष आहे मंडळी.

विंडोजचे कॉम्प्युटर एकमेकांना फायली देताना ज्या भाषेत बोलतात, तिला एसएमबी म्हणतात. मूळ आयबीएमची. मायक्रोसॉफ्टने ती वाढवली, पण पुढचे बरेच तपशील स्वतःकडेच ठेवले. मग लिनक्सला ती आली कशी?

१९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी नेटवर्कवरून जाणारे संदेश तपासले. काय विचारलं की काय उत्तर येतं, हे जुळवत बसले. सीमाभागातला माणूस बाजारात ऐकून ऐकून कानडी शिकतो ना, अगदी तसंच. त्यातूनच 'सांबा' तयार झालं. कुणाचा कोड चोरला नाही, फक्त भाषा शिकली.

पण नुसतं ऐकून किती दिवस भागणार? समोरचा कधीही भाषा बदलतो. अखेर मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला आणि इतरांना जोडता येईल एवढी माहिती द्या, असं बजावलं. सप्टेंबर २००७ मध्ये कोर्टानेही तेच उचलून धरलं. त्याच डिसेंबरात एकरकमी १० हजार युरो भरून सांबावाल्यांना कागदपत्रं मिळाली.

काही जण म्हणतात, कंपनीची भाषा शिकून तिचंच वजन कशाला वाढवायचं? मुद्दा बरोबर आहे. पण एका रात्रीत सगळं ऑफिस कुणी बदलत नाही. जुन्याशी बोलता आलं तरच नवं आत शिरतं. नाहीतर माणूस आहे तिथेच अडकतो आणि कंपनी सांगेल ती किंमत मोजतो.

आणि ती किंमत सरकारी ऑफिसात आपल्या करातून जाते. केंद्राचं ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण २०१० पासून आहे. तेव्हा तुमच्या नगरपालिकेत नवं सॉफ्टवेअर आलं की किंमत विचाराच, पण आणखी एक विचारा: उद्या ठेकेदार बदलला, तर आपला डेटा दुसऱ्या सिस्टीमशी बोलेल का?

उत्तर लेखी मागा.