देवाचे दप्तर

देवस्थान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दीपस्तंभ उभा राहतो, तळीच्या पायऱ्या दिसतात, पालखीपुढचा चौघडा कानी येतो. दप्तर मात्र कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. आणि तरीही देवस्थान नावाची संस्था उभी असते ती पुष्कळ अंशी या दप्तरावर. महाजन कोण, कुळावी कोण, कोणत्या कुळागराचा खंड किती, दागिन्यांच्या यादीत काय काय आहे, उत्सवात मान कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे गर्भागारात नव्हे, तर कचेरीतल्या लाकडी कपाटात मिळतात. मी धंद्याने वकील. दर्शनाच्या निमित्ताने जितक्या वेळा देवळात गेलो असेन, त्याहून अधिक वेळा दप्तराच्या निमित्ताने गेलो आहे; आणि इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे असे मत झाले आहे की, जमीन व दागिने यांच्याप्रमाणेच दप्तर ही देवाची मिळकत आहे. किंबहुना, इतर मिळकती राहतात किंवा जातात त्या दप्तराच्या बळावर.

हे मत आज मांडावेसे वाटते याचे कारण असे की, ते दप्तर आता कपाटातून उठून संगणकात चालले आहे. यात वाईट काहीच नाही. परंतु संगणक देवळात असला म्हणजे दप्तरही देवळातच आहे, अशी जी एक समजूत आपल्या समित्यांनी करून घेतली आहे, ती मात्र तपासून पाहण्याजोगी आहे.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. गोमंतकातील देवस्थानांचा कारभार ज्या नियमावलीने बांधला गेला, ती १९३३ सालची. पोर्तुगीज राजवटीत झालेली ही नियमावली १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिली. तिने महाजनांच्या नोंदीला कायद्याचे रूप दिले, दर तीन वर्षांनी समिती निवडण्याचा पायंडा घातला आणि मामलेदाराची देखरेख ठेवली. पण नियम कागदावर आणि वही भलत्याच्या घरी, असे प्रकार कितीतरी झाले. एखादा मुखत्यार वही ‘सवडीने पाहतो’ म्हणून घरी नेई, आणि त्याच्या पश्चात त्याचे मुलगे ती वडिलोपार्जित समजून माळ्यावर ठेवीत. वाळवीने खाल्लेली पाने व पावसाळ्याच्या ओलीने चिकटलेल्या वह्या मी स्वतः न्यायालयात हजर केल्या आहेत. तेव्हा दप्तरावरचा ताबा सुटणे ही काही संगणकाने आणलेली आपत्ती नव्हे.

तथापि जुन्या वहीत एक गुण होता. ती एका वेळी एकाच ठिकाणी असे. कोणी नेली तर फळीवर रिकामी जागा दिसे, आणि ती जागा पाहून कोणीतरी विचारी, ‘इथली वही कुठे गेली?’ चोरी लगेच कळे. कारण चोरी म्हणजे उणे होणे. संगणकातील माहितीचे तसे नाही. तिची नक्कल कोणी नेली तर मूळ जागच्या जागी राहते, एक अक्षरही कमी होत नाही, आणि म्हणून विचारणाराही कोणी उरत नाही. माझ्या मते आजच्या अडचणीचे मर्म येथे आहे. आपल्याजवळ असणे आणि आपल्या ताब्यात असणे या दोन गोष्टी पूर्वी बहुधा एकच असत. आता त्या वेगळ्या झाल्या आहेत.

याद्यांचे महत्त्व आम्हां गोमंतकीयांना कोणी शिकवण्याची गरज नसावी. तिसवाडीतील देवळे पाडली गेल्यावर १५४१ साली त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळवण्यात आले. उत्पन्न वळवायचे तर कोणती जमीन कोणत्या देवाच्या सेवेला लावलेली आहे हे आधी समजावे लागते. म्हणजे यादी आधी, हरण मागून. पुढे १५९५ साली गोव्यात सरकारी दफ्तरखाना स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगो दो कौतो याला त्याचा पहिला रक्षक नेमण्यात आले. विजेत्यांनी गडकोटांइतकीच काळजी कागदांची घेतली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दैवाची गंमत अशी की, मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा ही दैवते अंत्रुज महालात येऊन सुखरूप राहिली, पण जुन्या ठिकाणच्या कित्येक देवळांची नावे व त्यांच्या जमिनींच्या सीमा आज संशोधकांना सापडतात त्या पोर्तुगीजांच्या तोंबांत. आमच्या देवांची याद आम्हांला परक्याच्या वहीतून उतरून घ्यावी लागते. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती स्मृती. आणि प्रसंग पडल्यास सत्ताही.

आता आजच्या काळाकडे येतो. महाजन मुंबईला, बेळगावला, बडोद्याला, आखातात आणि त्याहूनही दूर पांगले आहेत. त्यांना घरबसल्या अभिषेक नोंदवता यावा, अग्रशाळेतील खोली राखून ठेवता यावी, देणगीची पावती मोबाइलवर मिळावी, ही अपेक्षा रास्तच आहे. समितीपाशी तज्ज्ञ नसतो. म्हणून ती एखाद्या कंत्राटदाराला हे काम देते. कंत्राटदाराचा स्वतःचा सर्व्हर नसतो. तो एखाद्या मोठ्या कंपनीकडून जागा भाड्याने घेतो. संदेश पाठवणारा तिसरा, पैसे वळते करणारा चौथा. सभासदांच्या याद्या व्हॉट्सॲपवरून फिरतात त्या निराळ्याच. आणि या सगळ्या राज्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तीन वर्षांपूर्वीच्या समितीतील एखाद्या उत्साही तरुणाच्या मोबाइलमध्ये असतो. समिती बदलते, तरुण नोकरीसाठी परदेशी जातो, आणि नवा अध्यक्ष तिजोरीच्या किल्ल्या मोजून घेत असता या किल्लीबद्दल विचारायचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

असेच एक प्रकरण माझ्याकडे आले. देवस्थानाचे व गावाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. समितीने कंत्राटदार बदलण्याचे ठरवले आणि जुन्याकडे आपल्या याद्या परत मागितल्या. त्याने नकार दिला नाही. छापील पानांच्या रूपात साऱ्या नोंदी पाठवून दिल्या. हजारो पाने! नव्या संगणकात ती घालायची तर प्रत्येक नाव पुन्हा हाताने लिहिणे आले. करारनामा मागवून पाहिला. एक पानभर होता. रक्कम होती, मुदत होती, सह्या होत्या. माहिती कोणत्या स्वरूपात परत करायची, नक्कल कधी नष्ट करायची, याविषयी एक ओळही नव्हती. अग्रशाळेतील गाद्यांच्या खरेदीचा करार याहून काटेकोर असतो.

पण खरे दुःख पुढेच आहे. मुंबईच्या एका वृद्ध बाईंनी पतीच्या दुखण्यात त्यांच्या आयुरारोग्यासाठी लघुरुद्र नोंदवला होता. नाव, गोत्र, नक्षत्र, जन्मतिथी आणि कारण, असे सारे रकाने भरले होते. पती गेले. त्यांनी देवस्थानाला कळवले, समितीने आपल्या यादीतून नाव वगळले. तरी दर वर्षी त्या जन्मतिथीला बाईंच्या मोबाइलवर देवस्थानाच्या नावाने संदेश येतच राहिला: आपल्या यजमानांच्या दीर्घायुष्यासाठी सेवा करावी. संदेश जुन्या कंत्राटदाराच्या यंत्रातून सुटत होता. त्यांनी समितीला पत्र लिहिले. त्यात राग नव्हता, ‘देवळात आमच्या मरणाची नोंद नाही का?’ एवढेच विचारले होते. समितीतील मंडळी सज्जन होती, ती अक्षरशः वरमली. पण वरमण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते. कारण ती नोंद त्यांची असूनही त्यांची राहिली नव्हती. पुढे नोटिशीवर नोटीस देऊन संदेश बंद झाले. नक्कल नष्ट झाली काय, हे मात्र मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

कोणी म्हणेल, हे आपल्या लहान संस्थांचे अज्ञान. परंतु जगातील मोठमोठ्या संस्थांचीही गत फारशी निराळी नाही. अमेरिकेतील ब्लॅकबॉड ही कंपनी धर्मादाय संस्था, शाळा व विद्यापीठे यांच्या देणगीदारांच्या याद्या सांभाळते. २०२० साली तिच्या यंत्रांत चोर शिरले. १३ हजारांहून अधिक संस्थांच्या याद्यांना धोका पोहोचला आणि कंपनीने चोरांना खंडणी दिली. ज्यांनी तिच्याशी संबंध केव्हाच तोडले होते अशा जुन्या गिऱ्हाइकांची माहितीही तिने वर्षानुवर्षे राखून ठेवली होती, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली ठेवला. त्याआधीच २०२३ मध्ये अनेक राज्यांशी तडजोड करून तिला ४ कोटी ९५ लाख डॉलर भरावे लागले. परंतु देणगीदाराने दान दिले होते ते आपल्या संस्थेला. ब्लॅकबॉडचे नावही त्याने बहुधा ऐकले नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. गुजरातेत वाडिनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिच्यात रशियन कंपनीचा मोठा हिस्सा असल्यामुळे २०२५ च्या जुलैत युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. भारतीय कायद्याने तिच्यावर बंदी नव्हती, सेवेचे पैसे भरलेले होते. तरी स्वतःची पत्रे व कागद पाहण्यासाठी तिला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. सेवा थोड्याच दिवसांत पूर्ववत झाल्या, पण कुलूप कोणाच्या हातात आहे ते सर्वांना दिसले.

तिसरे उदाहरण मात्र दिलासा देणारे आहे. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन-निधीची संगणकातील सारी मांडणीच गूगलच्या बाजूने झालेल्या एका चुकीमुळे पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांना आपले खाते पाहता येईना. संस्था सावरली याचे एक कारण असे की, तिने आपल्या माहितीची एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेली होती. आमच्याकडे दागिन्यांच्या पेटीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे न ठेवण्याचा जो शहाणपणा आहे, तोच हा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला; त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि संस्थांवरील मुख्य कर्तव्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्याने माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला जे नाव दिले आहे, त्यात ‘विश्वस्त’ हा भाव आहे. नाव मालकाचे नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याच्या आठव्या कलमाचा आशय असा की, करारात काहीही लिहिलेले असो, कंत्राटदाराने संस्थेच्या वतीने केलेल्या कामाची जबाबदारी संस्थेवरच राहील. आणि हेतू सरला की संस्थेने माहिती स्वतः पुसावी व कंत्राटदाराकडूनही पुसवून घ्यावी, अन्य कायद्याने ती राखणे भाग असेल तेवढा अपवाद. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. काम दुसऱ्याला देता येते, कर्तव्य देता येत नाही.

देवस्थानाच्या कारभाऱ्यांना हे तत्त्व नवे वाटू नये. आपल्या न्यायालयांनी देवाला विधिमान्य व्यक्ती मानले आहे, पण त्याचे हित दुसऱ्याने पाहावे लागते. म्हणून कारभाऱ्याचे स्थान अज्ञान मुलाच्या पालकासारखे मानले जाते. पाल्याची पेटी शेजाऱ्याकडे ठेवली आणि शेजाऱ्याने ती हरवली, तर पालक सुटत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी समितीने काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. माहिती दुसऱ्या यंत्रात जशीच्या तशी घालता येईल अशा रूपात परत मिळेल, तीही मागितल्यापासून ठरावीक दिवसांत. नक्कल कोठे कोठे आहे ते सांगितले जाईल आणि करार संपताच ती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र दिले जाईल. एक पूर्ण प्रत देवस्थानाच्या स्वतःच्या हाती राहील आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहिली जाईल. पासवर्ड व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या नावे असेल, आणि समिती बदलताना किल्ल्यांबरोबर त्याचाही पंचनामा होईल. यातील कशालाही संगणकशास्त्र लागत नाही. जागरूक कारकून पुरे.

याखेरीज एक गोष्ट कायद्याच्या पलीकडची आहे. देवापुढे मनुष्य जे बोलतो ते अन्यत्र बोलत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे व्यसन, भावाशी चाललेला दावा, वैद्याने आशा सोडलेले दुखणे, हे सारे तो प्रसाद लावताना किंवा संकल्प सोडताना सांगतो. भटमाम ते ऐकत, देवाला सांगत, आणि तेथेच ते संपे. वहीत ‘लघुरुद्र एक’ एवढेच लिहिले जाई. आज आपण अर्जात ‘कारण’ नावाचा एक रकाना घालतो, केवळ रकाना घालणे सोपे झाले आहे म्हणून. तो रकाना कोणाला हवा असतो? देवाला तर नकोच. पूजेलाही लागत नाही. जे लिहिले जाते ते कोणाच्या ना कोणाच्या हाती पडू शकते. जे लिहिलेच नाही ते कोणी नेऊ शकत नाही. म्हणून दप्तर राखण्याचा विचार करताना पहिला प्रश्न ‘हे कोठे ठेवावे’ हा नसून ‘हे विचारावे काय’ हा आहे. महाजनांच्या पुढील सभेत हिशेब वाचून झाल्यावर कोणीतरी तेवढा एक रकाना काढून टाकण्याचा ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे.