अळंबी प्लास्टिकात घालू नका

जुलैत सिंधुदुर्गातून निरोप आला की वारुळांवर अळंबी फुटली. मी रात्रीच्या एसटीने पुण्याहून निघाले. ही टर्मिटोमायसिस गटातली बुरशी, वाळवी तिची वारुळात शेती करते. दिसायला सारख्या वाटणाऱ्या या अळंब्यांत खरोखर किती जाती आहेत, ते मला डीएनएवरून पाहायचं होतं.

१४ नमुने मिळाले. मी ते प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू लागले. ज्यांच्या बागेत उभी होते त्या आजी म्हणाल्या, "प्लास्टिकात घालू नको गो, कुजतली." मी ऐकलं नाही. पुण्यात पिशव्या उघडल्या तेव्हा नऊ नमुन्यांचा चिखल झाला होता.

उरलेल्या पाचांतून डीएनए काढला तर तो चिकट, तारा सुटणारा. अळंबीतले शर्करायुक्त पदार्थ सोबत आले होते. डीएनएच्या प्रती वाढवणारा पीसीआर दोनदा फसला. डीएनए दहापट पातळ केल्यावर जमला. मग आयटीएस हा तुकडा वाचून घेतला. साधारण ६०० अक्षरांचा हा तुकडा २०१२ पासून बुरशांचा अधिकृत बारकोड मानला जातो. निकाल आला आणि पाचांपैकी तीन नमुने ट्रायकोडर्मा निघाले. म्हणजे मी अळंबी नाही, तिच्यावर चढलेली दुसरीच बुरशी वाचली होती. माझ्या संशोधनाच्या गाइडना हे सांगायला मला दोन दिवस लागले.

पुढच्या पावसाळ्यात आजींकडेच राहिले. कागदी पिशव्या नेल्या. आधी फोटो, मग देठ मुळासकट खणून काढायचा, कारण तो खाली वारुळापर्यंत गेलेला असतो. त्याच संध्याकाळी स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने देठ उभा चिरायचा आणि आतला, हवा न लागलेला गर तांदळाच्या दाण्याएवढा घेऊन बफरमध्ये टाकायचा. बाकीची अळंबी ड्रायरमध्ये वाळवायची. या खेपेला ट्रायकोडर्मा एकदाही आला नाही. एकाच बागेतल्या दोन अगदी सारख्या अळंब्यांचे आयटीएस मात्र वेगळे निघाले. त्या दिवशी मी जेवायचं विसरले.

मग त्यांतल्या एकीचा पूर्ण जीनोम वाचून घेतला. तो अपेक्षेच्या जवळपास दुप्पट आला. मी घाबरले. पण अळंबीच्या पेशीत दोन पालकांकडून आलेली दोन केंद्रकं वेगवेगळी राहतात आणि सॉफ्टवेअरने दोन्ही धरली होती. वर जीवाणूंचे तुकडेही मिसळलेले. ते निवडण्यात तीन महिने गेले.

नावाचा घोळ वेगळाच. डेटाबेसमध्ये ९९ टक्के जुळणारी नोंद सापडली तरी तिच्यावरचं नाव चुकीचं असू शकतं. नोंदीमागे जपलेला नमुना असेल तरच ते पडताळता येतं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेच्या अजरेकर हर्बेरियममध्ये असे वाळवलेले नमुने जपले जातात.

या पावसाळ्यात कुणी नमुने गोळा करणार असाल, तर डीएनएसाठी दाण्याएवढाच गर घ्या. उरलेली अळंबी वाळवून, तारीख आणि ठिकाण लिहून हर्बेरियममध्ये द्या.